डॉलरवाल्या आप्पांची चिठ्ठी

कुणाच्या मोबाईलवर किंवा छापील कागदावर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली, की आप्पा चोरघे डोक्यावरची टोपी काढतात. घटकाभर ती छातीशी धरतात, मग पुन्हा नीट बसवतात आणि खालच्या आवाजात सांगतात, "ग्येली ती. आता शोधून उपेग न्हाई."

हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचा स्क्रू ढिला आहे. कापूरहोळच्या फाट्यावर, जिथून भोरचा रस्ता फुटतो तिथं, माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे. शेजारी आमच्या ह्यांचं पंक्चरचं. दिवसभरात इतकी माणसं येतात, की कोण कितपत डोकं खाणार हे मी पायरी चढतानाच ओळखते. आप्पांच्या बाबतीत मात्र माझा अंदाज साफ चुकला. मी धरलं होतं पाच मिनिटं.

त्या दिवशी एक गृहस्थ पेनड्राईव्हवर पुतण्याच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले होते. उघडली तर नवरानवरीच्या जागी इंग्रजी खुणांची नुसती गिचमिड. चुलत्यांचा चेहरा पडला. आप्पा कोपऱ्यात वीजबिलाची झेरॉक्स काढायला उभे होते. ते पुढे आले, नाक पडद्याला टेकेल इतके वाकले आणि म्हणाले, "घाबरू नगा पावणं. नवरदेव हाय. त्याचा पत्ता चुकलाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, जुन्या तऱ्हंचा फाँट लावा." मी लावला. नवरदेव आला, मागोमाग नवरी आली, सगळे मामा-मावशाही जागच्या जागी आले.

आप्पांच्या मते बिघडलेल्या मजकुराच्या तीन जाती असतात. चौकटी दिसल्या तर अक्षर घरात आहे, फक्त दार लागलंय. गिचमिड दिसली तर अक्षर चालतंबोलतं आहे, पण पत्ता चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलंय. आणि प्रश्नचिन्ह दिसलं तर अक्षर गेलं. कॉम्प्युटरला ते ठेवायला जागाच मिळाली नाही, म्हणून त्यानं तिथं एक खूण ठोकली आणि हात झटकले. मी कॉम्प्युटरचा कोर्स केलेली बाई, पण इतकं सोपं मला कुणी शिकवलं नव्हतं. तरी त्यांना तसं सांगितलं नाही. आधीच ते दुकानातून हलत नव्हते.

पत्ता चुकणं हा आप्पांचा जिव्हाळ्याचा विषय. त्यांचं मूळ घर आणि भातखाचरं गुंजवण्याच्या बाजूला. ती धरणात गेली आणि कुटुंब कामथडीला आलं. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांची टपालं जुन्याच पत्त्यावर जात होती. "घर पान्यात, मी कामथडीत, आन पोस्टमन काठावर हुबा," असं ते हसत सांगतात. "म्या मेलो व्हतो का? न्हाई. पत्ता चुकला व्हता."

नोकरी त्यांनी हायवेवरच्या एका कारखान्यात केली. तिथं जपानी मशीन आलं आणि ते बसवायला मोरिता नावाचा एक जपानी इंजिनिअर आला. बसवता बसवता तो दीड वर्ष राहिला. मशीनच्या पडद्यावर सगळं जपानीत उमटायचं. बाकीचे कामगार बटणांच्या रंगावरून काम चालवायचे. आप्पांनी हट्ट धरला, "रंग उडाला तर? मला अक्षरं शिकवा." मोरितानं त्यांना जपानी बाराखडी शिकवली. एक घरच्या शब्दांची आणि दुसरी परक्या शब्दांची, अशा दोन बाराखड्या. चित्रांसारखी अवघड अक्षरं असतात, ती मात्र आप्पांनी सोडून दिली.

दर रविवारी मोरिता आप्पांच्या गाडीवर मागे बसून कामथडीला जेवायला यायचा. आप्पांच्या कारभारणीनं, अनसाबाईंनी, त्याचं नाव मोरे भावजी करून टाकलं. हे दोघं ताटावर बसले की अक्षरांवर बोलायला लागायचे आणि अनसाबाई ते चालू द्यायच्या नाहीत. आधी जेवण, मग बाकीचं, असा त्यांचा खाक्या होता. मोरिताही त्यांचं बोलणं एका छोट्या वहीत उतरवून घ्यायचा. का, ते आप्पांनी कधी विचारलं नाही. "आपल्याला काय, ल्हिवू द्यावं," म्हणाले.

हे सगळं मला कळलं ते चिठ्ठीमुळे. दरवर्षी दिवाळीच्या आधी आप्पा तीन कागद घेऊन यायचे आणि त्यांची झेरॉक्स काढून न्यायचे. पुढच्या वर्षी त्या झेरॉक्सची झेरॉक्स. चौथ्या वर्षी मी वैतागले. "आप्पा, ह्यात आता काय उरलंय? नुसत्या मुंग्या दिसतायत. मूळ कागद आणा." त्यांनी दुसऱ्याच दिवशी आणला. भोरच्या एका सायबर कॅफेत, जुन्या खडखड्या प्रिंटरवर छापलेला, कडेला भोकं असलेला लांबलचक कागद. त्यावर एकही ओळ वाचता येईल अशी नव्हती. डॉलर तीन, डॉलर एस, डॉलर के, डॉलर ए, डॉलर ओ, असं पहिल्या पानापासून तिसऱ्या पानापर्यंत. मध्येच टक्क्याची खूण, मध्येच स्वल्पविराम, आणि प्रश्नचिन्हं तर मोजता येणार नाहीत इतकी. गावात त्यांना डॉलरवाले आप्पा का म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं. मोरिता जपानला परतल्यावर त्यानं धाडलेली ही ई-मेल. हिच्यातले डॉलर बघून एका भाच्यानं आप्पांना वाटणीसुद्धा विचारली होती.

"कोणी वाचून दाखवली नाही?" मी विचारलं.

"समदी म्हनाली कचरा हाय. पुन्यात नेली व्हती, तिथला म्हनला कचरा. त्यो कॅफे बंद पडला, त्यातली मेलची पेटीबी ग्येली. मोरितासानला पुन्यांदा मेल धाडली तर त्याचा कंपनीतला पत्ता बंद. आता हेवढाच कागद."

मशीन भंगारात निघालं तेव्हा आप्पांनी साहेबांकडे एकच गोष्ट मागितली होती, मशीनबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक. त्याच्या शेवटी एक तक्ता होता. प्रत्येक जपानी अक्षर, आणि पुढे त्याचे आकडे, तीन रांगांत. आप्पांनी निवृत्तीनंतरची सगळी वर्षं त्या तक्त्यापुढे घालवली होती. कारण कॉम्प्युटरच्या पोटात अक्षर नसतंच, आकडा असतो, आणि कुठला आकडा कुठल्या अक्षराचा हे ज्यानं त्यानं आपापलं ठरवलेलं असतं. त्यात जपानी लोकांनी एकदा ठरवून ते थांबले नाहीत, तीन-चारदा ठरवलं. आप्पांच्या वहीत पानामागून पानं खोडलेली होती. आकडे काही केल्या जुळत नव्हते.

"आन ही बघा," त्यांनी एका प्रश्नचिन्हावर नख ठेवलं, "ही ग्येलेली. पयल्या पानावरच चाळीस हायती. माजा हिशोब असा हाय ताई, की उरलेली जुळली तरी ह्या मधल्या जागा रिकाम्याच ऱ्हानार." त्यांनी टोपी काढली, आणि दरवर्षी झेरॉक्स घेताना ते टोपी का काढायचे ते मला समजलं.

मी जरा तापट आहे, पण दगड नाही. "एवढं काय आहे हो त्यात?" मी विचारलं. आप्पा बाकावर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली.

मोरिता गेल्यावर वर्षभरानं कारखान्यातला एक साहेब जपानला निघाला होता. त्याच्याबरोबर अनसाबाईंनी लसणीच्या चटणीची बरणी धाडली. चटणी पोचली का, हा प्रश्न मग त्यांनी रोज विचारला. आप्पांनी कॅफेवाल्याकडून मोडक्या इंग्रजीत मेल लिहून घेतली, चटणी पोचली का. तिचं उत्तर म्हणजे हा कागद. तो आला तेव्हा अनसाबाई अंथरुणाला खिळल्या होत्या.

"मला म्हनली, वाचा. तुमाला येतंय की जपानी. आता तिला काय सांगू? म्या कागद धरला आन वाचल्यावानी केलं. म्हनलो, चटनी पोचली. लई झ्याक व्हती म्हनतोय. ती म्हनली, आन? म्हनलो, हेवढंच. ती कागदाकडं बघत म्हनली, तीन पानात हेवढंच? म्हनलो, जपानी भाषा लांबडी आसती."

मला हसू आलं आणि मी ते गिळलं, कारण आप्पा हसत नव्हते.

"म्हैन्याच्या आत ती ग्येली. आता मला हेवढंच बगायचंय, म्या तिला सांगितलं ते खरं व्हतं का खोटं. तिचा फोटू हाय घरात, आवाज न्हाई. पन जाताना खोटं ऐकून ग्येली आसंल, तर मला ते ठावं पायजे. मोतीबिंदू पिकलाय माजा. त्याच्या आत व्हायला पायजे."

त्या दिवसापासून हा माझाही हट्ट झाला. गिऱ्हाईक नसेल तेव्हा मी मोबाईलवर शोधायला बसायची. कॅमेऱ्यानं भाषांतर करणारं ॲप कागदावर धरून पाहिलं, त्याला डॉलरपलीकडे काही दिसेना. आमचे हे टायर पाण्यात बुडवता बुडवता म्हणाले, "म्हाताऱ्याचं येड तुला लागलं." मी म्हटलं, लागू दे. दोन आठवड्यांनी एका ठिकाणी मला हवं ते सापडलं. जुन्या काळी जपानमध्ये कॉम्प्युटरच्या पोटात अक्षरं ठेवायची तऱ्हा एक आणि ई-मेलनं धाडायची तऱ्हा दुसरी होती. वाटेतल्या तारांना फक्त कीबोर्डवरच्या साध्या इंग्रजी खुणाच पेलायच्या, म्हणून टपालात प्रत्येक अक्षर दोन साध्या खुणांची जोडी होऊन जायचं. ह्या जोड्यांची पुन्हा अक्षरं करा, ही सूचना वाटेत गळाली, की वाचणाऱ्याला त्या जोड्याच दिसायच्या.

आप्पांच्या तक्त्यातली पहिली रांग मशीनची होती. आयुष्यभर त्याच मशीनवर काम केलेला माणूस, त्यानं तीच धरली होती. टपालाची रांग तिसरी होती.

हे सांगितल्यावर आप्पांनी वहीतली खोडलेली पानं एकदा चाळली. "म्हंजे इतकी वर्सं," ते म्हणाले, "म्या टपालाचा कागद घिऊन मशीनच्या खिडकीम्होरं हुबा."

दुसऱ्या दिवशी गुरुवार. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी दिवसभर वीज नसते, त्यामुळे दुकान असून नसल्यासारखं. काउंटरवर मी कीबोर्डच्या खुणांचे आकडे लिहिलेला कागद ठेवला, आप्पांनी पुस्तक उघडलं. मी खूण वाचायची, आकडा सांगायचा, त्यांनी तिसऱ्या रांगेत शोधायचं. डॉलर तीन. आप्पांचं बोट सरकत गेलं आणि थांबलं. "को." डॉलर एस. "न." डॉलर के.

"मोठा का बारका?" आप्पांनी विचारलं.

"के म्हणजे के हो."

"तसं न्हाई चालत. मोठा के न्हेला तर एक अक्षर, बारका न्हेला तर दुसरंच. नीट बगा."

मोठा होता. "नि," म्हणाले. मग चि, मग वा. आप्पांनी पेन्सिल खाली ठेवली. "कोन्निचिवा. राम राम घातलाय बगा त्यानं." त्यांचे डोळे पाणावले होते आणि ते मोतीबिंदूवर ढकलायला मोकळे होते.

मोरितानं सगळी चिठ्ठी बाराखडीत लिहिली होती. अवघड अक्षर एकही घातलं नव्हतं, कारण आप्पांना ती येत नव्हती हे त्याला ठाऊक होतं. डॉलर म्हणजे घरच्या शब्दांची बाराखडी आणि टक्का म्हणजे परक्या शब्दांची, हेही लवकरच उमगलं. "डॉलर आला की घरचं, टक्का आला की परगावचं," आप्पांनी नियम बांधून टाकला. पहिला टक्का त्यांच्याच नावाचा निघाला. आप्पा-सान, म्हणजे आप्पाराव. आपण परगावचे ठरलो ह्याचा त्यांना थोडा राग आला.

तिसऱ्या ओळीत ती वेळ आली. डॉलर एच, तो. डॉलर आय, दो. डॉलर डॉलर, इ. पुढं डॉलर आणि प्रश्नचिन्ह. मी थांबले. आप्पांनी सवयीनं टोपीला हात घातला.

"आप्पा, प्रश्नचिन्हालाही आकडा आहे," मी म्हटलं. "बघा तर खरं."

त्यांनी एका हातानं टोपी धरून दुसऱ्या हाताचं बोट सरकवलं. बोट थांबलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "ता," ते म्हणाले. "तोदोइता. म्हंजे पोचली." मग हातातल्या टोपीकडे पाहत राहिले. "ताई, ह्ये जितं हाय. समदी जिती हायती. जपानीत झालेली गोष्ट सांगायची तर शेवटाला ताच येतो. आली, खाल्ली, संपली, समद्याला ता. म्या ह्यास्नीच मेलेली म्हनत व्हतो." आणि त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली ती कपाळापर्यंत घट्ट ओढून.

चटणी पोचली होती. म्हणजे आप्पा खोटं बोलले नव्हते. मला वाटलं, आता सुटले बिचारे. पण आप्पा उठले नाहीत. "अजून अडीच पानं हायती," म्हणाले.

असे पाच गुरुवार गेले. मी माझ्या डब्यातली भाकरी पुढं करायची आणि आप्पा म्हणायचे, "मंग बगू." पाचही वेळा मंग बगू. आप्पा अक्षरं लावायचे, मी ती मोबाईलमध्ये घालून अर्थ काढायची. शेजारून हे हातपंपानं हवा भरता भरता विचारायचे, "किती डॉलर झाले?" हळूहळू चिठ्ठी उलगडत गेली. चटणी खाऊन पहिल्या दिवशी डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाल्ली. संपली, तरी मोरितानं बरणी धुतली नव्हती. मशीन बरं चालतंय का, असं त्यानं विचारलं होतं. मग आईचं होतं. मोरिताची आई म्हातारपणी त्याच्याकडे राहायला आली होती. तिला काही आठवत नसे आणि ती जेवायला बसत नसे. ताट समोर ठेवून बसून राहायची. अशा वेळी, मोरितानं लिहिलं होतं, मी वहिनींचे शब्द म्हणतो. आईला अर्थ कळत नाही. पण ती जेवते.

त्याच्यापुढं एकदम टक्केच टक्के होते. एक आख्खी ओळ टक्क्यांची.

"मशीनचं सामान आसंल," आप्पा म्हणाले. "बेअरिंगबिअरिंग. सांगा."

टक्का मोठा पी, बा. उद्गारचिन्ह आणि कंसासारखी खूण, म्हणजे आधीचं अक्षर लांबवायचं. टक्का अधिक, का. टक्का बारका के, रु. आप्पांनी सगळं वहीत मांडलं. मी मोबाईलमध्ये घातलं. मोबाईलनं बराच वेळ विचार केला आणि भलतंच काहीतरी दाखवलं. ह्या शब्दांना जपानीत अर्थच नव्हता.

"चुकलं का काय आपलं," मी म्हटलं.

आप्पांनी वही डोळ्यांजवळ नेली आणि एकेक अक्षर मोठ्यानं वाचायला लागले. "बाकारु. गारामु. हाइ." इथं ते थांबले. पुढचं अक्षर टक्का आणि प्रश्नचिन्ह होतं, पुन्हा एक ता. "तावारु. कावा."

मग त्यांनी वही खाली ठेवली आणि न बघता म्हणाले, "भाकर गरम हाय तवर खावा."

ते अनसाबाईंचं बोलणं होतं, हे मला कुणी सांगायला नको होतं. आप्पांचा आवाजच बदलला होता, ताटावर बसलेल्या दोन पुरुषांना दटावणाऱ्या बाईचा झाला होता. मोरिताच्या त्या छोट्या वहीतून ते बोलणं जपानला गेलं होतं, तिथल्या लिपीत लिहिलं गेलं होतं, डॉलर-टक्के होऊन भोरला परत आलं होतं. तेव्हापासून ते आप्पांच्या घरातच होतं, त्यांच्या पेटीत घडी करून. अनसाबाईंच्या हातापासून हातभर लांब.

मला रडू आलं. मी तोंड फिरवून बंद मशीनवरची धूळ पुसली.

"पोरी," आप्पा म्हणाले. आजवर त्यांनी मला ताई सोडून दुसरी हाक मारली नव्हती. "म्या तिला खोटं न्हाई सांगितलं. पन लई कमी सांगितलं."

त्यांनी लांब कागद भोकांवरून घडी करून पिशवीत ठेवला, वही ठेवली, पुस्तक ठेवलं. "आज समदी वाचतो तिच्या फोटूम्होरं. तीनीबी पानं. ती म्हनलीच व्हती, हेवढंच कसं."

ते पायरीपर्यंत गेले आणि परत आले. माझा डबा काउंटरवर तसाच होता, आज उशिरा भरला होता म्हणून अजून कोमट. आप्पांनी त्याचं झाकण स्वतःच उघडलं आणि अर्धी भाकरी मोडून घेतली.